एका ताण्याच्या दोन घोंगड्या

एकदा काय झालं, बरं का, एका माळावर एक वस्ती होती. थांबा, आधी नीट आडवे व्हा. दादू, तुझी टाच माझ्या बरगडीत रुततेय, पाय पोटाशी घे. आणि नमू, तू इकडे माझ्या कुशीत ये. सकाळपासून तुझं तोंड एवढंसं झालंय, ते मला दिसत नाही का? स्वप्नात बाबा आले होते आणि उठल्यावर काहीच आठवेना, म्हणून दूध नको, पोळी नको आणि वेणीही नको. बरं, त्याचीच गोष्ट सांगते. पण मध्ये मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत. नुसतं हूं म्हणायचं.

तर एका माळावर एक वस्ती होती. माळ म्हणजे नुसते दगड आणि कुसळं. तिथे धनगर राहायचे. मेंढरं राखायची, लोकर कातरायची, लोकरीचं सूत काढायचं आणि घोंगड्या विणायच्या, हा त्यांचा धंदा. त्या वस्तीत बिरू नावाचा एक धनगर होता, त्याची बायको होती, आणि त्यांची लेक होती हौसा. हौसा नमूएवढीच होती. हट्टीही तेवढीच.

माळावर पाऊस थोडा आणि गवत त्याहून थोडं. दिवाळी झाली की गवत संपायचं. मग धनगर मेंढरं घेऊन घाट उतरायचे आणि खाली कोकणात जायचे. उन्हाळा तिकडेच काढायचा आणि पावसाच्या आधी परत यायचं. कोकणातला पाऊस मेंढरांना सोसत नाही, त्यांचे खूर कुजतात. म्हणून पावसाच्या आधी घाट चढायचाच, मग काहीही होवो. जाताना बायकापोरंही बरोबर जायची. घोड्यावर पातेली, पातेल्यांवर कोंबड्या आणि कोंबड्यांच्या शेजारी पोरं, असा तो थाट असायचा. म्हातारी माणसं तेवढी घरी राहायची.

पण त्या वर्षी हौसाच्या आईला दिवस गेले होते. मग बिरू म्हणाला, "तुमी दोघी घरीच ऱ्हावा. म्या जातो आन येतो."

बिरू निघायच्या आधी आईनं काय केलं, त्यांची एक म्हातारी मेंढी होती, काळी नावाची, एका पायानं लंगडी, तिची लोकर घेतली. तिचं सूत काढलं. मागावर उभे धागे ताणतात ना, त्याला ताणा म्हणतात. तर तिनं एकच लांब ताणा लावला, त्यावर विणत गेली, विणत गेली, आणि मग मधोमध कापून दोन घोंगड्या केल्या. एक बिरूच्या खांद्यावर टाकली. एक हौसाला दिली. काळीला काही घाट उतरवला नसता, म्हणून तीही घरीच राहिली. बिरू गेला. हौसा वस्तीच्या टोकापर्यंत धावत गेली आणि धूळ खाली बसेपर्यंत तिथेच उभी राहिली.

आता त्या वस्तीची एक रीत होती, बरं का. सकाळी उठलं की आधी आपली घोंगडी उचलायची, दारात यायचं, घाटाकडे तोंड करायचं आणि घोंगडी तीनदा झटकायची. मगच तोंड धुवायचं, मगच चूल पेटवायची. असं का, ते कुणालाच माहीत नव्हतं. जुनी माणसं सांगून गेली, एवढंच. जुन्या माणसांना ही खोडच असते. काम सांगतात, कारण सांगत नाहीत. माझ्याकडे बघून हसू नकोस, दादू.

मग दिवस गेले. थंडी पडली. हौसाच्या आईला बाळ झालं, छान गुटगुटीत मुलगा. हौसा त्याला पाठीशी बांधून वस्तीभर हिंडायची. आणि हिंडता हिंडता एक दिवस तिच्या लक्षात आलं की आबाचा चेहरा आपल्याला आठवत नाही.

हसण्यासारखं नाही ते. तेव्हा फोटो नव्हते, मोबाइल नव्हता. बापाचं तोंड बघायचं तर बापालाच यावं लागायचं. हौसानं डोळे मिटून बघितलं. मुंडासं दिसलं. मुंडाशाखाली काहीच नाही. ती धावत आईकडे गेली.

"आय, आबा कसं दिसत्यात गं?"

"कसं म्हंजी? आबासारखंच की."

"आबा आलं आन म्या वळकलंच न्हाई तर?"

आई हसली. म्हणाली, "बापाला कुनी इसरतं व्हय, येडे?" आणि पुन्हा मागावर बसली. पण हौसाच्या छातीत जे धस्स झालं होतं ते काही गेलं नाही. आबा दारात येईल, हात पुढे करेल, आणि आपण परक्या माणसाला लाजावं तसं आईच्या मागे लपू. आबाला काय वाटेल? एवढीच एक भीती तिला लागून राहिली.

आणि गंमत बघा, रोज झोपेत आबा यायचा. रोज. झोपेत त्याचं तोंड अगदी लख्ख दिसायचं. मग सकाळ व्हायची, हौसा दारात उभी राहून घोंगडी झटकायची, आणि झालं. आबा आला होता एवढं कळायचं. कसा होता, काय म्हणाला, काही म्हणता काही आठवायचं नाही. तुझं आज झालं अगदी तसंच, नमू.

हौसा म्हणाली, हे काय, रोज येतो आणि रोज जातो. स्वप्न धरूनच ठेवलं पाहिजे.

मग तिनं आधी काय केलं? काही विसरू नये म्हणून बायका पदराला गाठ मारतात, ते तिनं पाहिलं होतं. स्वप्न पडल्या पडल्या तिनं अर्धवट झोपेतच परकराच्या काठाला गाठ मारली. सकाळी उठून बघते तर गाठ आहे. पक्की आहे. पण कशाची आहे ते आठवेना. उलट ती सोडवताना परकर टरकला आणि आईचा धपाटा बसला.

मग तिला वाटलं, हा कोंबडा ओरडतो, त्याच्या आवाजानं स्वप्न पळतं. तिनं संध्याकाळी कोंबडा धरला, डाल्याखाली कोंडला, वर दगड ठेवला. कोंबडा एरवी एकदा आरवायचा. कोंडल्याच्या रागानं तो उजाडायच्या आधीपासून जो आरवत सुटला, तो सगळी वस्ती उठली तरी थांबेना. त्या दिवशी हौसाला स्वप्न आठवलं नाहीच, शेजारच्या म्हातारीच्या शिव्या मात्र अजून आठवत असतील.

मग तिसऱ्या वेळी काय झालं, आई खळ लावत होती. खळ म्हणजे काय, चिंचोके भाजायचे, कुटायचे, भिजवायचे, पाट्यावर वाटायचे आणि शिजवायचे. चांगली चिकट लापशी होते. ती घोंगडीला चोपडली की घोंगडी ताठ होते, तिच्यातून वारा जात नाही. तर आई खळ लावत होती आणि हौसा बघत होती. कुठून तरी चिमणीचं पीस उडत आलं आणि खळीवर पडलं. आईनं फुंकर मारली, निघालं नाही. झटकलं, तरी निघालं नाही.

हौसा त्या पिसाकडे बघतच राहिली. स्वप्न तरी पिसापेक्षा जड असतं का?

आई बाळाला न्हाऊ घालायला गेली. मग हौसानं उरलेली सगळी खळ आपल्या घोंगडीला फासली. एक हात दिला, वर दुसरा दिला. आईनं विचारलं तर म्हणाली, "थंडी लागती." घोंगडी वाळली ती फळीसारखी. भिंतीला टेकवून ठेवली तर उभी राहिली. आणि हौसा ती पांघरून झोपली. सगळं अंग ओरबाडून निघालं, पण झोपली.

सकाळी उठली. तिनं घोंगडी झटकली नाही. हळूच तिच्यावर गाल ठेवला. आणि काय सांगू, स्वप्न तिथेच. जसंच्या तसं चिकटलेलं. आबा घरी आला होता. बाभळीखाली काठी टेकवून उभा होता. कानात बाळी, मिशांचं एक टोक वर आणि एक खाली, हनुवटीवर लहानपणी दगड लागल्याची खूण. आणि हौसाकडे बघून हसत होता. हौसानं किती वेळ गाल उचललाच नाही.

आई चुलीपासून ओरडली, "हौसे, घोंगडी झटक."

हौसा म्हणाली, "झटकली." खोटं बोलली ती. मला आवडलेलं नाही, पण झालं ते सांगायला पाहिजे.

मग रोज तसंच. एक दिवस आबानं तिला खांद्यावर घेतलं. एक दिवस तिनं आबाला पाठीवरचं बाळ दाखवलं. एक दिवस तिचा पुढचा दात पडला होता, तो तिनं झोपेतही आबाला तोंड उघडून दाखवला. सगळी स्वप्नं घोंगडीला चिकटून राहिली. दुपारी आई मागावर असली की हौसा कोपऱ्यात जायची, घोंगडीवर गाल ठेवायची आणि पाहिजे ते बघायची. आता तिला भीती नव्हती. आबा कधीही येऊ दे, ती लांबूनच ओळखणार होती. ती खूश होती, अगदी मनापासून खूश. फक्त घोंगडी जड व्हायला लागली होती, तेवढं सोडलं तर.

मग उन्हाळा लागला. आणि घाटाकडून एक कासार आला, बांगड्या विकायला. आईच्या हातात बांगड्या भरता भरता म्हणाला, "तुमचा बिरू भेटला हुता खाली. गप गप असतु हल्ली. म्या इचारलं, काय रं? तर म्हनला, घर डोळ्यांम्होरं ईना झालंय." आई म्हणाली, "दमला आसंल." हौसानं ऐकलं आणि खेळायला गेली.

मग काही दिवसांनी घिसाडी आला, कोयते-कुऱ्हाडींना धार लावणारा. भाता हलवता हलवता म्हणाला, "बिरूच्या कुऱ्हाडीला धार लावून दिली म्या. तर तो मलाच इचारतो, माझ्या घराचं दार कंच्या अंगाला हाय? आता ह्ये मला कसं ठावं आसनार, बाई?" आईनं त्या दिवशी मागाला हात लावला नाही. हौसानं हातातली भाकरी तशीच ठेवली.

आणि मग धनगर परत यायला लागले. आज एकाच्या मेंढरांचं खांड आलं, उद्या दुसऱ्याच्या. मेंढरं बें बें करतायत, पोरं ओरडतायत, चुली पेटतायत. सगळे आले आणि बिरू आला नाही.

वस्तीतला थोरला धनगर धुळबा सगळ्यांच्या मागून आला. आईपुढे मुंडासं काढून बसला.

"पोरी, त्यो खाली तीन वाटा फुटत्यात तितं बसलाय," म्हणाला. "आमी म्हनलं, ऊठ, चल. तर म्हनतो, माझी वाट कंची? म्या हाताला धरून वढला. म्हनतो, कुनाच्या दारात नेतायसा मला? परक्याच्या दारात म्या मेंढरं न्हेनार न्हाई. त्यो हलंना, म्हून मेंढरंबी हलंनात. आन ढग तर आल्यात डोक्यावर."

आई म्हणाली, "म्या जाते उद्या. बाळाला घिऊन जाते."

धुळबा म्हणाला, "तू पोचस्तवर पाऊस पोचंल, बाय. वढ्यांस्नी पानी आलं की खालचा खाली ऱ्हातो आन वरचा वर."

मग आई रडली. हौसानं आईला कधी रडताना बघितलं नव्हतं. ती उठली आणि मागच्या कुडाशी गेली. तिथे काळी मेंढी बसली होती, रवंथ करत. हौसा तिच्या अंगावर पडली आणि म्हणाली, "काळे, आबा घर इसरलं गं. आता आबा येनार न्हाई."

काळीनं रवंथ थांबवलं. म्हणाली, "इसरंल न्हाई तर काय करंल? त्याची स्वप्नं तू दाबून बसलीस."

नमू, मेंढरं बोलत नाहीत हे मलाही माहीत आहे. गोष्टीतली बोलतात. पुढे ऐक.

हौसा म्हणाली, "ती माझी स्वप्नं हायती. मला पडल्याली."

"तुला पडल्याली, पर तुला ठिवायला न्हवती," काळी म्हणाली. "तुझी घोंगडी आन त्याची घोंगडी एका ताण्याची हाय. लोकर माझीच. सकाळी तू हितं झटकलीस, की स्वप्न निसटतं, आन त्याच्या घोंगडीवर जाऊन बसतं. तुझ्या स्वप्नात तुझा बा घरी येतो, व्हय का न्हाई? त्येच मंग त्याला दिसतं. दिसभर मेंढरामागं पळायचं, रातीला कोल्ह्यावर डोळा ठिवायचा, घराची याद काढायला त्याला येळ कुठला? तुझ्या स्वप्नाच्या वाटंनं त्यो रोज घरी यायचा आन जायचा. त्या वाटंवरच तू खळ फासलीस, पोरी."

हौसानं काळीच्या लोकरीत बोटं घातली. मग हळू आवाजात म्हणाली, "झटकली तर मला आबाचं त्वांड आठवनार न्हाई."

"न्हाई आठवनार," काळी म्हणाली. गोड बोलून फसवणारी नव्हती ती.

"आन न्हाई झटकली तर आबा येनार न्हाई."

"न्हाई येनार."

हौसा बराच वेळ तिथे बसली. सहाएक वर्षांची पोर ती. एवढ्याशा जिवाला एवढा मोठा पेच. मग तिनं नाक पुसलं, आत गेली आणि घोंगडी ओढायला लागली. घोंगडी हलेना, इतकी जड झाली होती. मग काळी लंगडत लंगडत आली आणि म्हणाली, "टाक माझ्या पाठीवर. एवीतेवी माझीच लोकर."

दोघी नदीवर गेल्या. नदी कसली, वाळूच ती. हौसानं हातांनी वाळू उकरली. खूप उकरली. खाली झिरपून झिरपून थोडं पाणी आलं. त्यात तिनं घोंगडी भिजवली, दगडावर घासली, पिळली, पुन्हा भिजवली. खळ बुळबुळीत होऊन निघाली, हातांवरून ओघळून वाळूत गेली. स्वप्नं काही विरघळली नाहीत, ती तशीच राहिली, पण आता सैल झाली. मग तिनं घोंगडी तापलेल्या खडकावर पसरली. ढग अजून घाटापलीकडे होते, माळावर ऊन कडक होतं. वाळत आली.

घोंगडी वाळेपर्यंत हौसा तिच्यावर गाल ठेवून बसली. एकदा शेवटचं बघून घेतलं. मिशांचं वर गेलेलं टोक बघितलं. खाली गेलेलं टोक बघितलं. हनुवटीवरची खूण बघितली. आणि आबाला म्हणाली, "मला तुमी दिसला न्हाईसा तरी चालंल. पर तुमी या."

मग उठली. घोंगडीची दोन टोकं धरली, घाटाकडे तोंड केलं, आणि झटकली. खांद्यावर घेणारा आबा गेला. पुन्हा झटकली. बाळाला बघणारा आबा गेला. तिसऱ्यांदा हात वर गेले ते वरच राहिले. काळी जवळ येऊन उभी राहिली. मग हौसानं डोळे घट्ट मिटले आणि झटकली. बाभळीखाली हसत उभा असलेला आबा, तोही गेला.

हौसा तशीच उभी. हातात हलकी घोंगडी, गालांवर पाणी. आणि पाणी कशाचं आलं तेही तिला नीट सांगता येईना.

इकडे खाली काय झालं? तीन वाटांच्या तिठ्यावर बिरू बसला होता. बसून बसून दुपारी त्याला पेंग आली. त्यानं घोंगडी डोक्यावरून घेतली आणि आडवा झाला. आणि सगळी स्वप्नं एकदम येऊन त्याच्या अंगावर पडली. बाभळ आली, दार आलं, दारातली चूल आली, चुलीपाशी बायको आली. पाठीवर बाळ बांधलेली पोर आली आणि समोर येऊन तिनं आ केला.

बिरू ताडकन उठून बसला. म्हणाला, "आरं, माझ्या पोरीचा दात पडलाय की."

आणि काठी उचलून चालायला लागला. वाट कुणाला विचारली नाही. मेंढरं उठली आणि त्याच्या मागे निघाली. घाट चढताना त्याला लोहाराचं घर लागलं, तिथे मात्र तो घडीभर थांबला. का, ते सांगते पुढे.

वर माळावर एका सकाळी धूळ दिसली. कुणीतरी ओरडलं, "बिरू आला, बिरू आला." ढग गडगडत होते, पण बिरू त्यांच्या आधी आला. सगळी वस्ती धावली. आई बाळाला घेऊन धावली. हौसाही धावली, आणि मध्येच थांबली.

पुढून एक माणूस येत होता. मिशा होत्या. कानात बाळी होती. आणि हौसाला तो कोण ते कळेना. तिनं खूप बघितलं, डोळे बारीक करून बघितलं. काही म्हणता काही ओळखीचं वाटेना. ज्याची भीती होती तेच झालं. ती आईच्या मागे गेली आणि लुगडं तोंडावर ओढून उभी राहिली.

बायका म्हणाल्या, "आगं, तुजा बा हाय, जा की." आई म्हणाली, "हौसे, आसं काय करतीस?" हौसा आणखीच आत शिरली. तिला वाटलं, आता आबाला वाईट वाटेल. आता आबा परत जाईल.

बिरूनं हात पुढे केले नाहीत. तो आपला तिथेच, जरा लांबच, उकिडवा बसला. म्हणाला, "म्होरचा दात पडला न्हवं? नवा आला का, बघू."

लुगड्यातून एक डोळा बाहेर आला.

"तुमास्नी कुनी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगंल? तूच दावलास की. आ करून."

मग दुसरा डोळा बाहेर आला. मग नाक. मग हौसा हळूहळू पुढे आली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिनं आ केला. बिरूनं वाकून नीट बघितलं, वैद्य बघतो तसं, आणि म्हणाला, "आलाय. तांदळाएवढा आलाय."

हौसानं त्याच्या हनुवटीवरच्या खुणेला बोट लावलं. का लावलं ते तिचं तिलाही कळलं नाही. मग ती त्याच्या मांडीवर जाऊन बसली. म्हणाली, "आबा, म्या तुमास्नी वळकलं न्हाई."

बिरू म्हणाला, "आसू दे. म्या वळकलं की तुला. दोघातल्या एकानं वळकलं तरी भागतं."

मग त्यानं कनवटीची पुरचुंडी सोडली. तिच्यात दोन घुंगरं होती, लोहाराकडून घडवून घेतलेली. एक त्यानं हौसाच्या हातात दिलं, दुसरं आईच्या कडेवरच्या बाळाच्या मनगटाला बांधलं. आई बघतच राहिली. "आवं, बाळाचं तुमास्नी कुनी कळिवलं? म्या तर कुनाकडं निरोप धाडला न्हवता." बिरूनं हौसाकडे बघितलं. हौसानं काळीकडे बघितलं. काळी आपली रवंथ करत होती, जसं काही तिचा कशाशी संबंधच नाही.

मग पाऊस आला. मेंढरं कोरडी आत गेली. आईनं भाकरी केल्या, वर लसणीची चटणी वाटली आणि सगळे पोटभर जेवले. आबा घरात, मेंढरं वाड्यात, बाळ झोळीत. सुखानं राहिले सगळे.

पुढच्या दिवाळीला बाळ अजून लहान होतं, म्हणून बिरू पुन्हा एकटाच घाट उतरला. जायला लागतंच, पोट आहे ना. पण आता हौसा रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठायची आणि दारात उभी राहून घोंगडी तीनदा झटकायची, चांगली जोरजोरात. कुणी विचारलं, "हौसे, आज काय सपान पडलं गं?" तर म्हणायची, "मला न्हाई ठावं. आबाकडं गेलं ते." आणि हसून बाळाला पाठीशी बांधायची.

झाली गोष्ट. दादू तर केव्हाच झोपला. हा काय, घोरतोय.

तू जागी आहेस होय? काय म्हणतेस? आपल्याकडे घोंगडी नाही, गोधडी आहे. असू दे. ही गोधडी मी कशाची शिवलीय ठाऊक आहे का? तुझ्या आईच्या दोन साड्यांची. आणि त्याच साड्यांची दुसरी कुठे आहे, आठव बघू. बाबांच्या ट्रकमध्ये, बरोबर. त्यांच्या सीटमागे. दिवाळीला तूच तर घडी करून दिली होतीस.

आत्ता त्यांनी कुठेतरी ढाब्याच्या बाजूला ट्रक लावला असेल. बूट काढले असतील. तुझं आजचं स्वप्न त्यांच्यापर्यंत जायचं आहे अजून. ते काही जागेपणी जात नाही. तेव्हा मीट डोळे.

आणि सकाळी उठलीस की गोधडी झटक. आठवलं नाही तर रडायचं नाही. रेंज आली की बाबांचा फोन येईल, तेव्हा त्यांनाच विचार, काल रात्री मला काय स्वप्न पडलं म्हणून. ते सांगतील.

गोष्ट गेली गोधडीखाली, नमू गेली झोपेच्या गावी. झोप हं, बाळा.